साक्ष आणि कहाणी

आपला विश्वास दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचा तर वाद न घालता स्वतःची गोष्ट सांगावी, कारण अनुभव कोणालाच खोडता येत नाही, हा सल्ला ख्रिस्ती मंडळ्यांत अलीकडे इतक्या सहजपणे दिला जातो की त्यात काय गमावले जाते याचा विचारच होत नाही. छत्तीसगडमधल्या भिलाई-3 सारख्या, पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेल्या बहुभाषी वस्तीत या गोष्टीला हिंदीत ‘गवाही’ आणि मराठीत ‘साक्ष’ म्हणतात. दोन्ही शब्द न्यायालयाच्या परिचयाचे आहेत, आणि तिथला साक्षीदार उलटतपासणी टाळू शकत नाही. प्रत्येक साक्ष हे प्रलोभनच असते, हा आरोप तर विचारात घेण्याजोगाही नाही: रायपूरच्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात 1977 साली दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा अधिकार मान्यच केला होता.

खरी हानी त्या सल्ल्यानेच होते. अनुभव खोडता येत नाही हे खरे मानले, तर शेजारच्या सतनामी किंवा कबीरपंथी कुटुंबाचा अनुभवही खोडता येत नाही. मग दोन गोष्टी समोरासमोर नुसत्या उभ्या राहतात आणि ऐकणाऱ्याच्या सौजन्यपूर्ण मौनालाच संमती समजले जाते. ज्या विधानाला कोणी नाही म्हणू शकत नाही, त्याला कोणी मनापासून होही म्हणू शकत नाही. शिवाय अशा गोष्टीचा साचा ठरलेला असतो: आधी व्यसन किंवा आजार, मग प्रार्थना, मग सुख. मराठी घरांना हा साचा नवा नाही. व्रताच्या कहाणीत वसा घेतला की फळ मिळते आणि ती सुफळ संपूर्ण होते. कहाणीचा भार फळावर असतो, तर साक्षीचा भार जे पाहिले त्यावर असतो, मग ते सांगणाऱ्याच्या सोयीचे असो वा नसो. ‘साक्षी’ या शब्दातच डोळा आहे, आणि साक्षीदार या अर्थाचा ग्रीक शब्द पुढे हुतात्म्यासाठी रूढ झाला, हेही इथे लक्षात घ्यावे.

या भागाशी जोडलेला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याच दृष्टीने पुन्हा वाचला पाहिजे. मराठी कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला, म्हणजे भिलाईच्याच लोहमार्गाने, जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी लक्षात राहिला तो त्याच्या जीवनकथेमुळे नव्हे. टिळकांच्या हाती एक ग्रंथ आला, जो वाचता येत होता, तपासता येत होता, नाकारताही येत होता.

मात्र टिळकांच्या श्रद्धेची सर्वांत भक्कम साक्ष त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आहे, आणि ती भक्कम आहे कारण ती आरंभी विरोधी पक्षाची होती. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात पतीचा तापटपणा, न सांगता निघून जाणे, घरातले सामान दुसऱ्याला देऊन टाकणे, यांतले काहीही झाकलेले नाही, पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही, आणि 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो पाणी, पंगत आणि जात यांचा विटाळ त्यांच्या मनातून एकेक करून गळून पडल्यावर. तोवर स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळे होते. एका घरातल्या दोन घागरींमधले हे अंतर ज्या धीम्या गतीने मिटते, ती गती कोणत्याही ठरीव साच्यात मावणारी नाही.

पंडिता रमाबाईंनी तर आपल्या पुस्तकाचे नावच ‘माझी साक्ष’ ठेवले. 1883 साली बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, हे त्यांनी त्यात स्वतःहून सांगितले आहे. कहाणीच्या रीतीने पाहिले तर हा कबुलीजबाब फळाला उणेपणा आणणारा, म्हणून सहज वगळता आला असता, आणि तो वगळला असता तर त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचे सर्वांत मोठे कारणही नाहीसे झाले असते.