शंकासमाधान : वास्तुशांतीआधी घर झाडावं का?

शंका : आम्ही २५ वर्षांच्या जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला आहे. आधीचे मालक, वयस्कर गृहस्थ, याच घरात वारले. त्यानंतर दोन वर्षं घर बंद होतं. स्वयंपाकघराच्या भिंतींवर तेलाचा थर, माळ्यावर भंगार, मोरीत शेवाळ अशी अवस्था आहे. साफसफाईचं काम घेणाऱ्या तीन बायका यायला तयार आहेत. पण आमचे गुरुजी म्हणतात, वास्तुशांत होईपर्यंत केरसुणी फिरवायची नाही, लक्ष्मी जाते. शिवाय 'कोण कुठली माणसं' आधी आत शिरली तर शुद्धीचा विधी वाढवावा लागेल. मृत्यू घडल्याबद्दल वेगळी शांतही त्यांनी सांगितली आहे. सासूबाईंचा त्यांच्यावर फार विश्वास. आणि जुन्या मालकांच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरी तिथंच आहेत, त्यांचं काय करावं?
— एक भगिनी, डोंबिवली

समाधान : ताई, आधी घर झाडा, घासा, धुवा. वास्तुशांत त्यानंतर.

सासूबाईंना शास्त्राचा आधार हवा असेल तर याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातलं द्रव्यशुद्धीचं प्रकरण दाखवा. जमीन कशानं शुद्ध होते? झाडण्यानं, जाळण्यानं, काळ लोटल्यानं, गाईंच्या वावरानं, पाणी शिंपडल्यानं, वरचा थर खरवडल्यानं, सारवल्यानं. आणि घर? झाडण्यानं आणि सारवण्यानं. बस्स, एवढंच. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहावा विक्रमादित्य गादीवर असताना, मिताक्षरा ही टीका लिहिली. वडिलोपार्जित घराच्या वाटणीसाठी कोर्टात जिचा हवाला शतकभराहून अधिक काळ दिला गेला, तीच ही मिताक्षरा. वाटणीला जो ग्रंथ चालतो तो केर काढायलाही चालावा. सारवण्याच्या जागी तुमच्याकडे फरशी पुसणं आलं, इतकाच फरक.

आपल्या घरातली रीतही हेच सांगते. घटस्थापनेच्या आधी आपण अंथरूण-पांघरूण धुतो, डबे घासतो, माळे झाडतो, आणि मग घट बसतो. घट बसवून नंतर जळमटं काढणारं घर मी पाहिलेलं नाही. केरसुणीनं लक्ष्मी जाते म्हणणाऱ्यांना विचारा, मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या केरसुणीला हळदकुंकू का वाहतो? दिवेलागणीनंतर केर काढू नये म्हणतात ते खरं; समईच्या उजेडात नथीतला मोती केराबरोबर गेला तर कळायचा नाही. त्या रीतीला कारण होतं. गुरुजींच्या सांगण्याला मला कारण सापडत नाही.

मृत्यूचं म्हणाल तर सुतक मृताच्या सपिंडांना असतं, तेही दहा दिवसांचं. भिंतींना नसतं, घर विकत घेणाऱ्याला तर नसतंच. पंचकात किंवा त्रिपाद नक्षत्रावर माणूस गेला तर शांत सांगतात, पण ती त्याच्या घरच्यांनी करायची. एक म्हातारा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर गेला. असं मरण आपण देवाकडे मागतो. त्याला दोष कसला म्हणायचा?

आता 'कोण कुठली माणसं' या तीन शब्दांकडे येतो, कारण तुमच्या पत्रातलं तेच मला सर्वांत जास्त लागलं. या शब्दांचा अर्थ तुम्हालाही कळला आहे, मलाही. ज्या इमारतीत तुम्ही राहायला जाणार, तिच्या विटा, तिची वाळू, तिच्या फरश्या कोणाच्या डोक्यावरून वर आल्या? इमारत उभी राहत होती तेव्हा त्याच अर्धवट खोल्यांत बिगारी बायकांनी चुली मांडल्या, पोरं निजवली. तेव्हा वास्तू बाटली नाही, आणि मोरी घासायला बाई आली की बाटते? राज्यघटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, ती सोवळ्याच्या नावाखाली परत आणणं हा अधर्म आहे, आणि असं मी कुठल्याही गुरुजींच्या तोंडावर म्हणेन. आधी मनात भय घालायचं, मग त्या भयावरचा विधी विकायचा, विधीबरोबर खर्च वाढवायचा, हा व्यवहार देवाच्या नावानं होऊ नये. उदकशांतीचे मंत्र स्वच्छ उच्चारानं म्हणत तासन् तास बसणारे पुरोहित आहेत. त्यांची दक्षिणा मानानं, हात जोडून द्यावी. तिथं कंजुषी नको.

शुचितेची खरी कसोटी वेगळीच आहे. या बायकांना तुम्ही कोणत्या कपात चहा देता? बाहेरच्या काचा पुसायला त्यांना छज्ज्यावर उभं करता का? करू नका, हात पोचेल तेवढीच काच पुसली तरी चालते. इमारतीची ड्रेनेज लाइन तुंबलेली निघाली तर गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू देऊ नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरीही माणसं त्यात गुदमरून मरतात. सोसायटीच्या सभेत उठून यंत्र मागवायला लावा. वास्तूला लागणारा दोष मला विचाराल तर तो तिथं लागतो.

कामाचं थोडं सांगतो. वरून खाली या : माळा, पंखे, भिंती, खिडक्या, शेवटी फरशी. तेलाच्या थरावर कोमट पाण्यातला धुण्याचा सोडा लावून थोडा वेळ मुरू द्या. शेवाळाला ब्लीचिंग पावडर चालेल, पण तिच्याबरोबर फरशी घासायचं अ‍ॅसिड कधीही वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. हे त्या बायकांनाही सांगा, कारण बाटल्या त्यांच्या हातात असणार. जुना रंग कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा आली. तुमची इमारत त्याआधीची, आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. पाणी मारून, ओलसर ठेवूनच खरवडायला सांगा. दोन वर्षं बंद असलेल्या नळांचं पहिलं पाणी वाहू द्या, टाकी धुतल्याशिवाय त्यातलं पाणी पिऊ नका.

तसबिरींबद्दल आधी त्या गृहस्थांच्या मुलाबाळांना विचारा. त्यात कुणाच्या आजीची रोजची पूजा असेल, त्यांना ती हवी असेल. त्यांनी नको म्हटलं तर तुमच्या देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, दुसऱ्याचे देव म्हणून ते उणे होत नाहीत. फाटलेल्या, कसर लागलेल्या असतील तर नमस्कार करून काच आणि चौकट वेगळी करा, कागद पाण्यात भिजवून कुंडीतल्या मातीत मिसळा. पिंपळाखाली नेऊन ठेवू नका, खाडीत टाकू नका.

वास्तुशांतीची तिथी गुरुजींना विचारा. झाडायला मुहूर्त लागत नाही. त्या तिघींना ज्या दिवशी सवड असेल त्या दिवशी बोलवा, आणि दुपारी त्या जेवणार कुठे ते आधी विचारून ठेवा.