ग्रॅम्बलिंगचा फुटबॉल आणि अन्यायातून निपजलेले भले

लुइझियाना राज्याच्या उत्तर भागात, पाइनची झाडे आणि लाल माती असलेल्या टेकड्यांमध्ये ग्रॅम्बलिंग नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९४१ ते १९९७ या काळात एडी रॉबिन्सन या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली ४०८ सामने जिंकले आणि दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांना दिले. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांसाठी निघालेले. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे त्यांना बंद होती म्हणून ते निघाले आणि त्याच कारणाने एवढे गुणी खेळाडू त्याच्याकडे आले. दारे उघडली तसा हा ओघ आटत गेला. अन्यायाच्या सावलीत जे चांगले वाढले त्याचे मोल कसे करायचे, आणि अन्याय हटल्यावर ते ओसरले तर हळहळ वाटणे न्यायाला धरून आहे का, हा या इतिहासाने पुढे ठेवलेला प्रश्न आहे.

कृष्णवर्णीय महाविद्यालयांमधला पहिला फुटबॉल सामना २७ डिसेंबर १८९२ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्झबरी येथे झाला. बिडल आणि लिव्हिंगस्टन ही दोन्ही महाविद्यालये चर्चच्या आश्रयाने उभी राहिलेली; पहिले प्रेस्बिटेरियनांचे, दुसरे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चचे. बर्फ पडत होते आणि मैदानावरच्या रेघा त्याखाली गडप झाल्या होत्या. लिव्हिंगस्टनच्या खेळाडूने निसटलेला चेंडू झडपला तेव्हा तो हद्दीच्या आत होता की बाहेर, यावरून वाद पेटला. पंचांनी बिडलच्या बाजूने कौल दिला आणि लिव्हिंगस्टन हरले.

धर्मशिक्षणासाठी काढलेल्या संस्थांत एवढ्या धसमुसळ्या खेळाला जागा मिळावी, हे वाटते तितके सहज घडलेले नाही. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय चर्चची शिस्त कडक होती. नाच, पत्ते, नाटक यांना तिथे पापाच्या पंगतीत बसवले जाई. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी १८९७ मध्ये हॅम्प्टन येथे करमणुकीच्या प्रश्नावर भाषण केले, ते याच अडचणीवर. तरुणांना विरंगुळा हवा असतो. चर्च नुसते ‘नको’ म्हणत राहिले तर तरुण चर्चपासून दुरावतील, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे बळकट देह हे सद्गुणाचे साधन आहे, असे मानणारा ख्रिस्ती विचार इंग्लंडमधून अमेरिकेत आला होता आणि वायएमसीएने तो गावोगाव नेला होता. कृष्णवर्णीयांसाठी या विचाराला एक वेगळा अर्थ होता. त्यांच्या आजोबांचे देह लिलावात किंमत करून विकले गेले होते. स्वतःच्या देहावर स्वतःच शिस्त बसवणे आणि तो स्वतःच्या संस्थेच्या नावासाठी झिजवणे, यात मालकी परत घेतल्याची भावना होती.

ग्रॅम्बलिंगची सुरुवात मात्र चर्चने केलेली नाही. आपल्या मुलांना शाळा हवी म्हणून परिसरातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी संघटना स्थापली आणि टस्कीगीच्या कृष्णवर्णीय शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे माणूस मागितला. वॉशिंग्टन यांनी चार्ल्स पी. अ‍ॅडम्स यांना पाठवले आणि १९०१ मध्ये शाळा सुरू झाली. पुढे ती राज्याच्या अखत्यारीत गेली आणि तिचे नाव ‘लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’ झाले. १९४६ मध्ये ते बदलून ‘ग्रॅम्बलिंग कॉलेज’ केले गेले. एवढे लांबलचक नाव घेऊन मैदानात घोषणा देता येत नव्हत्या म्हणून ते बदलले, असे सांगतात. कारण खरे असो वा नसो, फुटबॉल तोवर संस्थेच्या किती आत शिरला होता ते त्यातून दिसते.

रॉबिन्सन १९४१ मध्ये आले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. वडील वाट्याने शेती करणारे, आई घरकाम करणारी. बॅप्टिस्टांच्या लीलंड कॉलेजात शिकून झाल्यावर ते बॅटन रूजच्या एका पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. ग्रॅम्बलिंगने महिना ६३.७५ डॉलर देऊ केले. त्या पगारात प्रशिक्षण तर होतेच, शिवाय मैदानावरचे गवत कापणे, रेघा आखणे, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणे आणि सामन्याचा वृत्तांत लिहून वर्तमानपत्रांना धाडणे हेही त्यांच्याच गळ्यात होते. परगावी जाताना सँडविच आधीच करून घ्यावी लागत, कारण वाटेतल्या खाणावळी या मुलांना वाढत नसत. पहिल्या वर्षी संघ तीन सामने जिंकला, पाच हरला. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ जिंकला आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. कापूस वेचणीसाठी वडिलांनी घरी बोलावून घेतलेल्या खेळाडूंसाठी रॉबिन्सन अख्खा संघ घेऊन त्या शेतात गेले, कापूस वेचून दिला आणि मुलांना परत आणले, ही कथा ग्रॅम्बलिंगमध्ये आजही सांगितली जाते. पहाटे वसतिगृहातून घंटा वाजवत फिरायचे, मुलांना वर्गात पिटाळायचे आणि रविवारी चर्चमध्ये जाण्याचा आग्रह धरायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. अमेरिकेवर त्यांची जवळजवळ धार्मिक म्हणावी अशी श्रद्धा होती. तरुण पिढीतल्या काहींना ती भाबडी वाटे, आणि १९६०च्या दशकातली परिस्थिती पाहता तसे वाटणे साहजिकही होते.

व्यावसायिक फुटबॉलचा दरवाजा १९४९ मध्ये किलकिला झाला. पॉल ‘टँक’ यंगर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. कृष्णवर्णीय महाविद्यालयातून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला तो पहिला खेळाडू. १९६३च्या निवडीत एएफएल या प्रतिस्पर्धी लीगने सर्वांत आधी उचलला तो ग्रॅम्बलिंगचा बक ब्युकॅनन. तो, विली डेव्हिस, विली ब्राउन आणि चार्ली जॉइनर हे चौघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले.

पण अंगाच्या ताकदीला मान मिळाला तरी बुद्धीचा प्रश्न राहिलाच. या खेळात क्वार्टरबॅक हा समोरच्यांची मांडणी क्षणात वाचतो, खेळी फिरवतो आणि चेंडू कुणाला द्यायचा ते ठरवतो. कृष्णवर्णीय धावतील, अडवतील, पण ही जागा त्यांना पेलणार नाही, हा व्यावसायिक संघांचा समज होता. महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूला वरच्या पातळीवर सर्रास दुसऱ्या जागी हलवले जाई. देह खालचा आणि बुद्धी वरची, ही पाश्चात्त्य विचारातली जुनी उतरंड इथे वंशांवर बसवली गेली होती. देह एकाच्या वाट्याला, विचार दुसऱ्याच्या. रॉबिन्सन यांनी हा समज खोडायचा चंग बांधला. त्यांचा जेम्स हॅरिस १९६९ मध्ये आठव्या फेरीत निवडला गेला. त्याने जागा बदलायला नकार दिला आणि बफेलो संघाच्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्यांच्याच डग विल्यम्सने ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना जिंकून दिला. सामन्याच्या दुसऱ्या चतुर्थांशात त्याने चार टचडाउन पास दिले आणि सामना ४२-१० असा संपला. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

संस्थेच्या आत मात्र सगळे आलबेल नव्हते. १९६७ मध्ये ग्रॅम्बलिंगच्या विद्यार्थ्यांनी बहिष्कार पुकारला. त्यांची तक्रार अशी की खेळाचे इतके कौतुक होते आणि अभ्यासाकडे दुर्लक्ष. राज्याने नॅशनल गार्ड बोलावले आणि काही विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. ड्यु बॉइस यांनी १९३० मध्ये हॉवर्ड विद्यापीठात जवळपास हीच टीका केली होती: गोऱ्या महाविद्यालयांचे फुटबॉलचे वेड आपल्या मुलांनी जसेच्या तसे उचलले आहे. ही टीका नुसती बाजूला सारता येत नाही. ग्रॅम्बलिंगचे नाव देशभर झाले ते संघामुळे, त्याच्या बँडमुळे आणि प्रसिद्धीप्रमुख कॉली निकल्सन यांच्या कल्पकतेमुळे. १९६८ मध्ये त्यांनी संघाला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये उतरवले, १९७६ मध्ये थेट टोकियोला नेले. ग्रंथालयासाठी एवढी धडपड झाली असती का, हा विद्यार्थ्यांचा सवाल रास्त होता. मात्र ग्रंथालयाला पैसा नव्हता तो फुटबॉलमुळे नव्हे. तो देणारे राज्य सरकार गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या संस्थांना वेगवेगळ्या मापाने देत होते.

कृष्णवर्णीय चर्चच्या परंपरेत सुरुवातीला मांडलेल्या मूळ प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या भावांनी गुलाम म्हणून विकले. तोच पुढे मिसर देशात अधिकारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिले. माणसांनी वाईट योजले, देवाने त्यातून भले साधले. विकल्या गेलेल्यांच्या वंशजांना ही कथा जवळची वाटली यात नवल नाही. या चौकटीत ग्रॅम्बलिंगसारख्या संस्था योसेफाची धान्यकोठारे ठरतात. याला सर्वांत टोकदार आक्षेप घेतला तो कृष्णवर्णीय तत्त्वज्ञ विल्यम आर. जोन्स यांनी, ‘इज गॉड अ व्हाइट रेसिस्ट?’ या १९७३च्या पुस्तकात. दुःखाकडे नुसते पाहून ते देवाच्या कृपेची खूण आहे की अवकृपेची, हे ठरवता येत नाही, असा त्यांचा मुद्दा. नंतर मिळालेल्या फळाने आधीचे दुःख योग्य ठरते असे मानले, तर दुःख देणाऱ्याशी लढण्याचे कारणच उरत नाही. जेम्स कोन यांच्यासारख्या धर्मचिंतकांची भूमिका वेगळी होती. त्यांच्या मते देव दुःख योजत नाही, तो दुःखितांच्या बाजूने लढ्यात उतरतो.

या वादात जोन्स यांचा आक्षेप जड वाटतो, पण त्याने ग्रॅम्बलिंगचे मोल कमी होत नाही. वर्णभेदाने ग्रॅम्बलिंग घडवले, हे म्हणणेच ढिले आहे. वर्णभेदाने फक्त वाट अडवली. शाळा काढली शेतकऱ्यांनी, घंटा वाजवली रॉबिन्सन यांनी. अडथळ्याला श्रेय देणे म्हणजे निमित्ताला कर्ता समजणे. हा फरक धरला की हळहळीचाही अर्थ बदलतो. ती गेलेल्या अन्यायाबद्दल नसते. माणसांनी हाताने उभे केलेले काही ढासळल्याबद्दल असते.

ते का ढासळले, हे पाहणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. १९६७ मध्ये दक्षिणेतल्या बलाढ्य विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या गटात केंटकीकडून पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मैदानात आला. १९७० साली सदर्न कॅलिफोर्नियाच्या मिश्र संघाने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला ४२-२१ असे लोळवले आणि पुढच्याच हंगामात अलाबामाच्या संघातही कृष्णवर्णीय खेळाडू दिसले. काही वर्षांत दक्षिणेतली सगळी मोठी विद्यापीठे त्यांच्या शोधात फिरू लागली. त्यांच्याकडे मोठी स्टेडियम होती, दूरचित्रवाणीचा पैसा होता, सुसज्ज व्यायामशाळा होत्या. मुलांनी तिकडे जाणे यात गैर काहीच नव्हते. त्यासाठीच तर लढा दिला होता.

गैर होते ते एवढेच की खेळाडू गेले, पण त्यांच्याबरोबर आणखी काहीच हलले नाही. कृष्णवर्णीयांची माध्यमिक विद्यालये बंद झाली, तिथल्या हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मुख्य प्रशिक्षक होते ते मिश्र शाळांत दुय्यम झाले. याच साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, सिल्व्हेस्टर क्रूम, नेमला गेला २००३च्या डिसेंबरात. पहिला खेळाडू आणि पहिला प्रशिक्षक यांत छत्तीस वर्षांचे अंतर पडले. रॉबिन्सन यांनी ५ ऑक्टोबर १९८५ रोजी अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला, पण त्यांच्यासारख्यांना मोठ्या विद्यापीठांची दारे त्यांच्या खेळाडूंइतकी कधी उघडली नाहीत. गोरे खेळाडू ग्रॅम्बलिंगकडे फारसे वळले नाहीत आणि पैसाही नाही. वाट एकेरी होती. म्हणून ही हानी न्यायाने मागितलेली किंमत आहे, हे म्हणणे पटत नाही. न्याय अर्ध्यावर थांबला, त्याची ही किंमत आहे. ड्यु बॉइस यांनी १९३५ मध्ये लिहिले होते की कृष्णवर्णीय मुलाला वेगळी शाळा हवी की मिश्र, हा खरा प्रश्न नाही. त्याला शिक्षण हवे आहे, आणि जिथे त्याला तुच्छ लेखले जाईल ती मिश्र शाळा त्याच्या कामाची नाही. स्वतःच्या संस्था मोडून मिळणाऱ्या समानतेबद्दल त्यांना तेव्हाच शंका होती.

रॉबिन्सन १९९७ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डग विल्यम्स आले. पैशाची ओढाताण वाढत गेली. २०१३च्या ऑक्टोबरात ग्रॅम्बलिंगचे खेळाडू जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला गेलेच नाहीत. बुरशी आलेल्या खोल्या, दूरदूरचे बसप्रवास आणि दुसऱ्यांदा प्रशिक्षकपदावर असलेल्या विल्यम्स यांना हंगाम सुरू असताना काढून टाकणे, ही त्यांची कारणे होती. सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल झाला. सँडविच बांधून निघणाऱ्या जुन्या संघांच्या गोष्टी या मुलांना पाठ असणार. पण अभावात राहण्याचे कौतुक वर्णभेदाच्या काळात चालून गेले, ते अभावाचे समर्थन म्हणून त्यांनी का स्वीकारावे, याला कुणाकडे उत्तर नव्हते. २०२१च्या एनएफएल निवडीत कृष्णवर्णीय महाविद्यालयांतला एकही खेळाडू निवडला गेला नाही.

दारे उघडी असताना कुणी स्वेच्छेने अशा महाविद्यालयात येईल का, याची कसोटी त्याच वर्षी लागली. देशातल्या अव्वल शालेय खेळाडूंमध्ये गणल्या गेलेल्या ट्रॅव्हिस हंटरने फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द फिरवून प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांच्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीय विद्यापीठाची निवड केली. एक हंगाम तो तिथे खेळला. मग सँडर्स कोलोरॅडोला गेले, त्यांच्यापाठोपाठ हंटरही गेला, आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूची २०२४ची हाइझमन ट्रॉफी त्याला कोलोरॅडोचा खेळाडू म्हणून मिळाली.