खेळास कलाकृति म्हणावें काय?

व्हिडिओ गेमला 'श्रेष्ठ कलाकृति' ही पदवी द्यावयाची म्हटली म्हणजे सुशिक्षित घरांतून प्रथम हसूंच उमटतें. भडगावसारख्या गिरणाकाठच्या गांवींहि आतां मुलांच्या हातीं हे खेळ आले आहेत आणि वडील मंडळी त्यांकडे वेळेचे चोर म्हणूनच पाहतात. अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीं तर २०१० सालीं, असे खेळ कधींच कला होऊं शकणार नाहींत, असें लिहून ठेविलें. जें जिंकावयाचें असतें ती कला कशी, हा त्यांचा एक आक्षेप. तो पोरकट खास नाहीं.

खेळांत नीतिविचार घालण्याची कल्पना मात्र आपल्याकडे जुनी आहे. परंपरेनें ज्ञानेश्वरांच्या नांवावर असलेला मोक्षपट घ्या: सद्गुणांच्या शिड्या, विकारांचे साप आणि अखेरीस मोक्ष. परंतु तेथें क्रोधाच्या सापानें गिळलें तरी खेळणारा रागावलेला नसतो. कवड्यांनीं त्याला तेथें नेलेलें असतें. पुण्याच्या मंडळींनीं २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. असुरांनीं पळविलेल्या भावास शोधणारी सर्कशींतली मुलगी आणि लघुचित्रांतून उतरल्यासारखी तिची सृष्टि आम्हांस फार रुचली. तथापि असुरांशीं लढावें कीं लढूं नये, हा प्रश्न तेथें कोणाला पडणार?

तसला प्रश्न 'द लास्ट ऑफ अस' या अमेरिकन मालिकेनें विचारला. २०१३ च्या पहिल्या भागांत, स्वतःची मुलगी गमावलेला जोएल एली नांवाच्या पोरीला सांभाळीत नेतो. रोगानें उद्ध्वस्त झालेल्या जगाला औषध मिळावें म्हणून तिच्यावर प्राणघातक शस्त्रक्रिया करण्याचें ठरतें, तेव्हां तो शस्त्रवैद्याला ठार करून तिला घेऊन जातो. हें कृत्य पडद्यावर नुसतें घडत नाहीं. त्याची कळ खेळणारानें दाबावी लागते, एरव्हीं कथा पुढें सरकत नाहीं. ईबर्ट ज्याला जिंकणें म्हणत, तें येथें गुन्ह्यासारखें बोचतें. २०२० च्या दुसऱ्या भागांत त्याच वैद्याची मुलगी ॲबी जोएलला मारते. आम्ही एली होऊन सूडास निघतों, आणि ऐन मध्यावर खेळ आमच्या हातीं ॲबीलाच देतो! ज्या हातांनीं तिचा पाठलाग केला त्याच हातांनीं तिला जगवावें लागतें; एवढेंच नव्हे, तर एलीवर वार करावे लागतात. कित्येकांना हें इतकें असह्य झालें कीं त्यांनीं खेळ करणारांना शिव्याशाप दिले.

अश्वत्थाम्याचा सूड आपण वाचतों, त्याचा निषेध करतों आणि पोथी मिटतों. येथें निषेध कोणाचा करावा? शिवाय पहिल्यावांचून दुसरा भाग लंगडा आहे, आणि दुसरा खेळल्यावर पहिला पूर्वीसारखा राहत नाहीं; म्हणून कलाकृति म्हणावयाची ती सबंध मालिकेला. तींतला रक्तपाताचा सोस आम्हांस रुचत नाहीं, व ती मुलांच्या हातीं देऊं नये हें सांगावयास नकोच.

कळ दाबणें सक्तीचें, मग पाप कसलें, असें कोणी म्हणेल. पण खेळ बंद करण्याची कळहि तेथें जवळच असते. बहुतेक खेळणारे ती दाबीत नाहींत. पोर वांचावी असें त्यांनाहि मनापासून वाटत असतें.