विजेच्या पाणवठ्यावर

मनुष्याच्या हातीं नवें साधन आलें म्हणजे त्याबरोबर नवी सोय येते, हें सर्वांस दिसतें. पण त्या साधनाच्या मागोमाग एखादा जुनाच नीतिप्रश्न नव्या वेषांत येऊन उभा राहतो, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट अशीच आहे. तिच्या किंमतीची व तिच्या वेगाची चर्चा घरोघर चालते. परंतु हमरस्त्यावरील जलद चार्जरपाशीं दोन अनोळखी माणसें समोरासमोर येतात, तेव्हां त्यांच्यामध्यें जो प्रश्न उत्पन्न होतो, त्याचा विचार फारसा होत नाहीं. तो प्रश्न असा: जी सोय सर्वांसाठीं आहे, तिच्यांतून एकानें किती घ्यावें?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटांतून तासाला सुमारें ३ युनिट वीज गाडींत जाते. म्हणजे ४० युनिटांची रिकामी बॅटरी भरावयास तेरा तास तरी लागावयाचे. रात्रभर गाडी उभीच असते, म्हणून घरीं ह्याचें कांहीं वाटत नाहीं. प्रवासांत मात्र इतका धीर कोणास असणार? तेथें ६० किलोवॅटचा चार्जर उपयोगीं पडतो. गाडीला तितकी वीज घेण्याची शक्ति असेल, तर तीच बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्यास अर्धा तास पुरतो. पण त्यापुढें काम मंदावतें. घागर गळ्याशीं आली म्हणजे आपण नळाची धार बारीक करतों. तसेंच बॅटरीचा विद्युद्दाब ठरलेल्या मर्यादेस पोंचला म्हणजे गाडी स्वतःच प्रवाह कमी करीत जाते. तसें न केलें, तर आंतील ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर बसून बॅटरीचें आयुष्य घटतें. ह्यामुळें शेवटचे वीस टक्के भरावयास पुष्कळदां आधींच्या साठ टक्क्यांइतका, कधीं त्याहूनही अधिक, वेळ जातो.

आतां दिवाळीच्या सुट्टींत पुण्याहून कोल्हापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एखाद्या हॉटेलाचें आवार वाचकांनीं डोळ्यांसमोर आणावें. चार्जर दोन, त्यांतील एक बंद. दुसऱ्याची गन ज्या गाडीला लावलेली आहे, तिचा आंकडा ८३ वर आला आहे, आणि तिचे मालक आंत सहकुटुंब मिसळ खात बसले आहेत. बाहेर एक टॅक्सीवाला ताटकळत उभा आहे. तो भाड्याच्या खोलींत राहतो. घरीं गाडी लावावयास स्वतःची जागा नाहीं, मग सॉकेट कोठून असणार? सार्वजनिक चार्जर हाच त्याचा आधार, आणि येथें गेलेला प्रत्येक तास त्याच्या दिवसाच्या कमाईंतून वजा होतो. त्यानें विनंती केली असतां आंतून उत्तर येतें, "मीं पैसे मोजले आहेत, गाडी पूर्ण भरून घेण्याचा मला हक्क आहे." सगळा वाद ह्या एका वाक्यांत सांठविलेला आहे.

पैसे मोजले खरे, पण कशाचे? युनिटांचे. आणि त्या आवारांत दुर्मिळ आहे ती वीज नव्हे, तर यंत्रापुढची जागा आणि वेळ. ह्या बाबतींत आपला कायदा मोठा मार्मिक आहे. वीज विकावयाची तर परवाना पाहिजे, असा २००३ च्या वीज कायद्याचा दंडक. २०१८ सालीं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें असा खुलासा केला कीं, चार्जिंग केंद्रांत गाडी भरून देणें ही विजेची विक्री नसून सेवा आहे, सबब त्यास परवान्याची जरूर नाहीं. हा खुलासा व्यवहाराच्या सोयीसाठीं झाला; परंतु त्यांत एक नैतिक सत्यही आलें आहे. विकत घेतलेली वस्तु घेणाऱ्याची होते. सेवेची जागा मात्र कोणाचीच होत नाहीं. ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जावयाची असते.

येथें पाणवठ्याची उपमा सहज सुचते; पण ती देतांना आपल्या पाणवठ्यांचा इतिहास विसरून चालणार नाहीं. महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला असतांही, त्या पाण्याला हात लावण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना व त्यांच्या सहकाऱ्यांना १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. 'आधीं आला तो आधीं' ह्या साध्या नियमामागें असा झगडा आहे. म्हणून रांग ही क्षुल्लक वस्तु नव्हे. जात, हुद्दा किंवा श्रीमंती न विचारणारी ती एक समतेची संस्था आहे. परंतु तिचेंही ज्ञान अपुरें आहे. पहिला कोण हें रांग सांगते. पहिल्यानें किती घ्यावें हें ती सांगत नाहीं.

मग तें नियमानें सांगावें, असें कोणी म्हणेल. आणि तसे प्रयत्न झालेही आहेत. टेस्ला कंपनीनें २०१६ च्या अखेरीस, भरून झाल्यावरही जागा अडविणाऱ्या गाडीकडून मिनिटागणिक आकार घेण्याचें जाहीर केलें. इलेक्ट्रिफाय अमेरिका ह्या कंपनीनें २०२४ सालीं कॅलिफोर्नियांतील गर्दीच्या दहा केंद्रांवर ८५ टक्क्यांनंतर वीज आपोआप बंद करण्याचा प्रयोग सुरू केला. ह्या उपायांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. तरी दंडाचा एक विचित्र गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. इस्राएलमधील हैफा शहरांत, मुलांस न्यावयास उशिरां येणाऱ्या पालकांना कांहीं पाळणाघरांनीं दंड बसविला. तेव्हां उशीर करणारे कमी न होतां जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून घेतल्यावरही ती संख्या उतरली नाहीं. नीझी व रुस्तिकीनी ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं २००० सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. पूर्वीं उशिराची लाज वाटे. आतां उशिराची किंमत देतां येऊं लागली.

टक्क्यांच्या नियमांत आणखी एक उणीव आहे. यंत्राला आंकडा दिसतो, प्रवास दिसत नाहीं. वृद्ध आईला घेऊन कोंकणांतल्या आडगांवीं निघालेल्या मुलाला, जेथें पुढें चार्जर नाहीं, तेथें ९५ टक्के ही गरज आहे. उलट ज्याचें घर चाळीस किलोमीटरांवर असून तेथें स्वतःचें सॉकेट आहे, त्यानें दुसऱ्याला तिष्ठत ठेवून ७० पर्यंत भरणें हाही लोभच. ८५ ची रेघ पहिल्यावर अन्याय करते आणि दुसऱ्याला निर्दोष ठरविते.

तेव्हां 'पुरेसें' ह्याचें माप बॅटरींत नाहीं. तें पुढच्या वाटेंत आणि मागें उभ्या असलेल्या माणसांत आहे. मागें कोणी नसेल, तर गाडी कांठोकांठ भरावी. त्यांत कसलाही दोष नाहीं. कोणी असेल, तर पुढील मुक्कामापुरती व थोडी संकटापुरती वीज घेऊन जागा सोडावी. आंत जेवावयास जावें, पण हांकेच्या टप्प्यांत राहावें. वाट पाहणाऱ्याचेंही कर्तव्य आहे: त्यानें दुसऱ्याच्या गाडीची गन परस्पर काढूं नये, आणि न विचारतां समोरच्यास लोभी ठरवूं नये. ह्या आवारांत रांगेची रेघ आंखलेली नसते. गाड्या मिळेल तेथें उभ्या राहतात, आणि क्रम केवळ माणसांच्या बोलण्यावर टिकतो.

चार्जर वाढले म्हणजे हा प्रश्न सुटेल, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. चार्जर वाढावेत, ही आमचीही इच्छा आहे. पण पेट्रोलच्या पंपावर ही अडचण कधीं आली नाहीं, ती आपण सज्जन होतों म्हणून नव्हे; तेथें टाकी चार मिनिटांत भरे, म्हणून आपल्या सौजन्याची परीक्षाच झाली नाहीं. आज ती परीक्षा समोर आलेली आहे, आणि ती मोठी अवघडही नाहीं. हातांतली मिसळ क्षणभर ठेवून बाहेर यावें, आणि उभ्या असलेल्या माणसाला विचारावें, "आपल्याला कोठवर जावयाचें आहे?"