फलाशा, परिणाम आणि ताणलेला दोर

दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे करायचे, त्यांच्या मागच्या हुकांत एकच साखळी किंवा पट्टा अडकवायचा आणि जो दुसऱ्याला ठरलेल्या रेषेपलीकडे फरफटत नेईल त्याला विजयी मानायचे, हा खेळ अमेरिकेच्या ग्रामीण जत्रांत चांगलाच परिचित आहे, आणि पंजाबातील ट्रॅक्टरांच्या ‘टोचन’ स्पर्धाही त्याच जातीच्या आहेत. अशा खेळात अपघात झाला की त्याविषयीचा वाद बहुधा स्वातंत्र्याच्या अंगाने होतो. वाहन ज्याचे आणि जीवही ज्याचा, त्याने तो स्वखुशीने पणाला लावला तर इतरांनी बोलण्याचे कारण काय, हा युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिलच्या १८५९ मधील ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथाशी नाते सांगतो, आणि आगरकरांच्या पिढीपासून मराठी विचारविश्वालाही तो अनोळखी नाही. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला त्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही, हे रोमन परंपरेतून आलेले तत्त्व भारतीय न्यायालयेही अपकृत्यांच्या, म्हणजे करारभंगाखेरीजच्या दिवाणी चुकांच्या, कायद्यात मानतात. या साऱ्या चर्चेत एक जुना आणि अधिक अवघड प्रश्न मात्र मागे पडतो, तो असा की परिणामांकडे न पाहता केलेले कर्म कोणत्या प्रतीचे मानावे.

गीतेत या प्रश्नाची परस्परविरोधी अशी दोन उत्तरे आहेत, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. दुसऱ्या अध्यायात माणसाला कर्माचा अधिकार देऊन फळावरचा अधिकार नाकारला आहे. अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात मात्र अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टी न पाहता केवळ मोहाने आरंभलेले कर्म तामस ठरवले आहे. अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारा परिणाम, क्षय म्हणजे त्यात होणारी द्रव्याची वा शक्तीची हानी, हिंसा म्हणजे इतर प्राण्यांना पोहोचणारी पीडा, आणि पौरुष म्हणजे ते कर्म तडीस नेण्याचे स्वतःचे सामर्थ्य. फळाकडे पाहू नको म्हणणारा ग्रंथच परिणाम न पाहणाऱ्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवतो, हा विरोध फलाशा आणि परिणामविचार यांतला भेद लक्षात घेतल्यावर उरत नाही. हे फळ मलाच मिळाले पाहिजे, ही आसक्ती म्हणजे फलाशा. अमुक कर्मातून अमुक घडते, हे ज्ञान त्याहून वेगळे असून कर्मयोग्याला ते हवेच, असे टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे म्हणणे आहे. ओढीच्या मैदानावर या दोहोंची नेमकी उलटी वाटणी झालेली दिसते, कारण तेथे विजयाची आस पुरेपूर असते आणि परिणामांचा हिशेब कोणीच केलेला नसतो. ‘जे व्हायचे ते होईल’ असे म्हणून गिअर टाकणाऱ्या चालकाला कोणी निष्काम समजेल, पण त्याची ती बेफिकिरी श्लोकातल्या मोहाचाच नमुना आहे.

पौरुषाचा विचार चालकाच्या दृष्टीने इंजिनाच्या अश्वशक्तीपाशी संपतो. वस्तुतः ओढण्याची मर्यादा चाके आणि जमीन यांच्यातील घर्षण ठरवते. चारही चाकांना शक्ती मिळणारा अडीच टनांचा ट्रक कोरड्या, कठीण जमिनीवर साधारणपणे दोन टन वजनाइतक्या जोराने ओढू शकतो, आणि त्यापुढे चाके जागच्या जागी फिरू लागतात. समोरच्यानेही तेवढाच जोर लावला म्हणजे पट्ट्यावरचा ताण चार टन होतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो दोन टनच राहतो, कारण एका बाजूच्या ओढीला दुसऱ्या बाजूच्या विरोधाशिवाय अस्तित्वच नसते. हा हिशेब ऐकून हायसे वाटण्याचे मात्र कारण नाही. पट्टा सैल सोडून गाडी एकदम पुढे घेतली की तिच्या गतीतली ऊर्जा क्षणार्धात पट्ट्यात उतरते आणि ताण घर्षणाने घातलेली मर्यादा सहज ओलांडून जातो. नायलॉनचा पट्टा रबरासारखा नसला तरी बराच ताणला जातो, आणि दोन टनांच्या ताणाखाली तो मीटरभर लांबला असेल तर त्यात साठलेली ऊर्जा पन्नास किलोचे पोते वीस मीटर उंचीवरून खाली पडताना मिळवील जवळजवळ तेवढी असते. साखळी फारशी लांबत नाही, म्हणून ती ऊर्जा कमी साठवते, पण त्याच कारणाने झटका पचवण्याची सोयही तिच्यात नसते, आणि तो सगळा एखाद्या कडीवर किंवा हुकावर येतो. सर्वांत वाईट सवय म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्याला पट्टा अडकवणे. चाकांवर चालणारा भार सावकाश ओढण्यासाठी केलेला तो गोळा झटक्याने तुटला तर पट्ट्याबरोबर समोरच्या गाडीकडे झेपावतो आणि काच फोडून आतही शिरू शकतो. ट्रॅक्टरचा धोका निराळा आहे: ओढण्याचा बिंदू मागच्या आसापेक्षा उंच असला की पुढची चाके उचलली जातात आणि दोन सेकंदांच्या आत ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. पंजाब सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रॅक्टरवरील कसरतींवर बंदी घातली ती गुरदासपूर जिल्ह्यातील एका ग्रामीण मेळ्यातील मृत्यूनंतर. ती कसरत टोचनाची नव्हती, तरी यंत्राचे सामर्थ्य तेच स्वतःचे सामर्थ्य समजण्याची भूल दोन्हीकडे सारखीच होती.

येथे संमतीच्या युक्तिवादाचा पाया डळमळतो. संमती ज्ञानावर उभी असते, आणि जोडणीतला सर्वांत दुबळा भाग कोणता व तो किती ताण सोसेल हे ज्याला ठाऊक नाही, त्याने धोका पत्करला असे म्हणण्यापेक्षा त्याने तो पाहिलाच नाही असे म्हणणे अधिक खरे ठरेल. माणसांच्या रस्सीखेचेत हे आणखी स्पष्ट होते. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेई येथे सुमारे सोळाशे लोकांनी ओढलेला दोर तुटला आणि दोघांचे हात शरीरापासून वेगळे झाले. शस्त्रक्रियेने ते पुन्हा जोडण्यात आले. त्या मैदानावर प्रत्येकाने आपापल्या बळापुरती संमती दिली होती, पण एका बाजूच्या सर्वांच्या बळाची बेरीज कोणाच्याही संमतीत मावणारी नव्हती, आणि ती बेरीज करण्याचे काम ओढणाऱ्यांचे नव्हतेच. श्लोकातली हिंसा ही संज्ञा येथे आयोजकाकडे बोट दाखवते. दोराच्या रेषेत उभ्या असलेल्या प्रेक्षकाने तर तिकिटाखेरीज कशालाच संमती दिलेली नसते, आणि तरीही तुटलेले टोक बहुधा त्याच रेषेत येते.

पुराणांतही सर्वांत मोठी ओढ हीच अडचण घेऊन येते. समुद्रमंथनात वासुकीचा दोर केला तेव्हा, भागवताच्या कथेप्रमाणे, शेपटीकडचे अंग धरणे आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही म्हणून असुरांनी मुखाचा हट्ट धरला, आणि त्याच्या विषारी श्वासाने तेच होरपळले. पौरुषाच्या अभिमानाने पौरुषाचा हिशेब चुकवल्याचे याहून चोख उदाहरण मिळणे कठीण. दोन्ही पक्ष ओढत होते ते अमृतासाठी, पण हलाहल वर आले आणि ते तिन्ही लोकांवर पसरू लागले. ते प्राशन करणाऱ्या शंकराने दोराला हातही लावलेला नव्हता.

ताण सोसण्याची मर्यादा छापलेले पट्टे, वाहनाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेल्या कड्या, सैल दोराने सुरुवात करण्यास मनाई, आणि दोराच्या रेषेपासून दूर, दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर ठेवलेले प्रेक्षक, एवढी व्यवस्था केली म्हणजे अशी स्पर्धा सात्त्विक होत नाही. फळाची इच्छा, अहंकार आणि मोठा आयास ही तामस कर्माच्या श्लोकाआधीच्याच श्लोकात सांगितलेली राजस कर्माची लक्षणे तिच्यात शिल्लक राहतातच, आणि कोणत्याही खऱ्या चढाओढीत ती राहणारच. गीतेने राजस कर्माला तामसाच्या वर जागा दिली आहे, आणि जत्रेतल्या खेळाकडून त्याहून वरच्या जागेची अपेक्षा करणे हा शास्त्राचाच अतिरेक होईल.