कबुलीजबाबाचा वर्ग

‘हातातला कोयता काढून घ्या आणि कॅमेरा द्या’ ही घोषणा पुण्यात बालगुन्हेगारीवरच्या परिसंवादांत हल्ली हमखास टाळ्या घेते. माझे एक प्राध्यापक मित्र ती फार ठसक्यात देतात. अडचण एवढीच, की कोयता आणि कॅमेरा यांची गाठ त्यांच्या आधीच पडली आहे. उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्याचं रीलही स्वतःच काढतात. मंद गती, मागे गाणं, खाली भाईचं नाव. कोयता कोणत्या ठेक्यावर वर जायला हवा, हे त्यांना पक्कं कळतं. अशांना चित्रभाषा शिकवायला निघालेल्यांची मला गंमत वाटते.

दुसऱ्या बाजूचे लोक आणखी सोपे. ‘सिनेमा कसला शिकवता? फिटर करा, वायरमन करा, पोट तरी भरेल.’ सुधारगृहांनी पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम आणि शिवणकाम शिकवलं, ते याच हिशेबाने. हीच मंडळी स्वतःच्या मुलाला लाखांनी फी भरून मास कम्युनिकेशनला घालतात आणि त्याला पाच वर्षं काम मिळालं नाही, तर त्याला ‘स्ट्रगल’ म्हणतात. या आक्षेपावर मी जास्त शाई घालवणार नाही.

माझं भांडण कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांशीच आहे. कार्यशाळा निरीक्षणगृहात असो की वस्तीतल्या समाजमंदिरात, पहिला गृहपाठ ठरलेला: ‘तुझी गोष्ट सांग.’ बाप पितो का? शाळा का सुटली? पहिली चोरी कधी केली? त्या मुलाला यात नवं काहीच नसतं. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केलं, की परिवीक्षा अधिकाऱ्याने 15 दिवसांत त्याचा सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. व्यसनं, मित्र, घरची भांडणं, सगळ्याला रकाने आहेत. मग समुपदेशक तेच विचारतात, मग संस्थेचे कार्यकर्ते, आणि सगळ्यांच्या शेवटी ट्रायपॉड खांद्यावर टाकून आपण. याला आपण अभिव्यक्ती म्हणतो. त्याच्या लेखी ही आणखी एक चौकशी असते. फरक इतकाच, की हिच्यात चहा-बिस्किटं मिळतात.

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा होता. मंडळाने त्याला सुरुवातीला जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यांत 300 शब्दांचा निबंध होता. देश खवळला तो 300 या आकड्यावर. मला विषय खटकला: रस्ते अपघात आणि त्यांवरचे उपाय. कायद्यातला तपास अहवाल त्यालाही चुकत नाही, पण स्वतःच्या हाताने लिहायला सांगितलं ते अपघातांबद्दल. घराबद्दल नाही, बापाच्या पैशाबद्दल नाही. आपल्याकडे सधन मुलाला विषय मिळतो आणि गरीब मुलाला आत्मचरित्र.

गंमत अशी, की कायदा या बाबतीत कार्यशाळेपेक्षा शहाणा आहे. त्याच अधिनियमाचं कलम 74 अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं; मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावीक मुदतीनंतर दोषसिद्धीची नोंद नष्ट करण्याचीही तरतूद आहे. अपवाद आहेत, पण तत्त्व स्पष्ट आहे. सोळाव्या वर्षी केलेलं कृत्य चाळिसाव्या वर्षी माणसाच्या अंगाला चिकटलेलं नसावं. आता या मुलाने कार्यशाळेत स्वतःवर केलेला, महोत्सवांतून फिरलेला आणि यूट्यूबवर चढलेला लघुपट कोण नष्ट करणार?

या संदर्भात मी पुन्हा पुन्हा ‘बॉर्न इनटू ब्रॉथेल्स’कडे जातो. झाना ब्रिस्की या छायाचित्रकार बाईंनी कलकत्त्याच्या सोनागाछीतल्या मुलांना साधे कॅमेरे दिले आणि फोटो काढायला शिकवलं. रॉस कॉफमन यांच्यासोबत त्यांनी केलेल्या माहितीपटाला 2005 मध्ये ऑस्कर मिळालं. तिथल्या लैंगिक श्रमिकांची संघटना असलेल्या दुर्बारने त्यावर टीका केली: आयांना पडद्यावर निष्काळजी ठरवलं, संमतीचं काय? टीका रास्तच होती, पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. मुलांनी काढलेले फोटो ही एक गोष्ट आणि मुलांवर काढलेला चित्रपट ही दुसरी. फोटोंत सहलीतला समुद्र आहे, प्राणिसंग्रहालय आहे, गच्ची आहे, एकमेकांचे चेहरे आहेत. कॅमेरा हातात आल्यावर ती मुलं गल्लीपलीकडे बघत होती. चित्रपटाच्या शीर्षकाने त्यांना परत गल्लीत आणून बसवलं. त्यांतला अविजित पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात सिनेमा शिकला. कार्यशाळेचं समर्थन करायला त्याचं उदाहरण सगळे देतात, मीही देईन. पण त्याच्या उपयोगी पडली ती नजर आणि कसब. त्याचा जन्म कुठे झाला, ही माहिती उपयोगी पडली ती प्रेक्षकांच्या.

‘सलाम बॉम्बे’ची (1988) गोष्ट उलट्या अंगाने तीच. मीरा नायरनी रस्त्यावरची मुलं निवडून त्यांची कार्यशाळा घेतली. चित्रपटातून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला, तो आजही काम करतो. नायकाचं काम करणाऱ्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवू लागला. हे सांगताना लोक उसासा टाकतात. रिक्षा चालवणं ही शोकांतिका कधीपासून झाली? खटकायला हवं ते वेगळंच: त्या मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला शिकवलं, मागे उभं राहायला नाही. चेहऱ्याची मागणी वयाबरोबर सरते. फोकस ओढणाऱ्या हाताची सरत नाही.

आपल्याकडे पोरांना कॅमेऱ्यामागे उभं करून कुणी दाखवलंच नाही, असं नाही. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरातल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत 1920 च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा, शाळेशी फारसं न जमलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा पडेल ते काम करत होता. पुढे दिग्दर्शक झालेले दामले आणि फत्तेलालही तिथेच घडले. ही उमेदवारी होती. ‘सैरंध्री’ काढताना पेंटरांनी कुणाला ‘तुझ्या घरची व्यथा मांड’ म्हटलं नाही. कीचकाचा वध करायचा होता. पडदे रंगवा, काच धरा, फिल्म धुवा. पुढे त्याच शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) काढला. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली ती कथा. त्यातला जेलर सहा खुन्यांकडून शेती करवून घेतो, त्यांचे जबाब नाही.

यावर खणखणीत प्रश्न येतो: मग ‘फँड्री’चं काय? नागराज मंजुळेंनी आपल्या जगण्यातलं सांगितलं नसतं, तर मराठी सिनेमा 2013 मध्ये जागा झाला असता का? नसता. पण मंजुळेंना कुणी प्रकल्पाच्या नावाखाली बसवून ते वदवून घेतलेलं नाही. सांगायचं की नाही, कधी आणि कुणाच्या तोंडून, हे त्यांनी ठरवलं, आणि सांगताना जब्या नावाच्या मुलाची कथा रचली. कल्पितकथा हेही एक कलम 74 च आहे. ती सगळं सांगते आणि ओळख झाकते.

तरीही हा प्रश्न मला माझ्या जागेवरून थोडं हलवतो. ‘मुलाला त्याची गोष्ट विचारूच नका’ असं फर्मान काढणं हीसुद्धा मास्तरकीच झाली. त्याला सांगायची असेल तर? मग क्रम बदलावा लागेल. कॅमेरा शेवटी, संकलन आधी. लेव्ह कुलेशोवचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग सिनेमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो: नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याला जोडला की भुकेला वाटतो, शवपेटीला जोडला की शोकाकुल. हा धडा ज्याला सगळ्यांत आधी मिळायला हवा, तो मुलगा निरीक्षणगृहात बसलाय. त्याचा चेहरा आजवर कोयत्याला जोडूनच दाखवला गेला. टाइमलाइनवर स्वतः तुकडे पुढेमागे करताना त्याला कळेल, की तपास अहवाल हासुद्धा एक संकलित चित्रपट आहे. त्यातही कुणीतरी काही शॉट ठेवलेत आणि काही कापलेत. त्यानंतर त्याने स्वतःची गोष्ट सांगितली, तर तो कबुलीजबाब नसेल, उत्तर असेल. आणि त्याला भुताचा नाहीतर शेजारच्या मांजराचा सिनेमा करावासा वाटला, तर तेही त्याचं उत्तरच.

उरला पोटाचा प्रश्न. मुंबईत लाइटमनपासून संकलकापर्यंत सगळ्यांच्या संघटना आहेत आणि कार्डाशिवाय मोठ्या सेटवर उभं राहणं कठीण. कार्यशाळेच्या शेवटी प्रमाणपत्र वाटण्याऐवजी अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या कार्डाचे पैसे भरा आणि त्याला एखाद्या संकलकाच्या हाताखाली पगारी उमेदवारी मिळवून द्या. प्राध्यापक मित्र म्हणतील, अनुदान देणाऱ्यांना मग दाखवायचं काय? रडणाऱ्या मुलाचा क्लोजअप नसेल, तर वार्षिक अहवालात छापायला काय उरेल? पगाराची पावती छापा, नाव झाकून.