ए विंगमधल्या ताई

मी लिहिलेल्या चार ओळींच्या एका पोस्टवर लोकांनी जितका विश्वास ठेवला, तितका माझ्या कुठल्याच प्रेसनोटवर ठेवला नाही. त्या चार ओळींत एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त त्या लिहिणारी बाई खोटी होती.

२०१६ ची गोष्ट. महारेरा सुरू झालं १ मे २०१७ ला, म्हणजे त्याच्या थोडी आधीची. मी पुण्यात एका पीआर एजन्सीत होते. आमचा एक क्लायंट बिल्डर होता. शहराच्या टोकाला त्याच्या दोन इमारती. ए विंगचा ताबा दिलेला, बी विंग दीड वर्ष रखडलेली. बी विंगवाल्यांनी फेसबुकवर ग्रुप काढला होता. तिथे रोज कुणीतरी गंजलेल्या सळयांचा फोटो टाकायचं, कुणी घरभाडं आणि कर्जाचा हप्ता यांची बेरीज मांडायचं. ग्राहक मंच होता, पण तिथे तारखांवर तारखा. त्यामुळे हा ग्रुप हीच त्यांची चावडी.

आम्ही बिल्डरला सुचवलं, तुमच्या नावाने एक खुलासा काढू. उशीर का झाला आणि ताबा कधी देणार, एवढंच सांगू. त्याला तारीखच द्यायची नव्हती. मग मीटिंगमध्ये ठरलं, की ग्रुपमधलं वातावरण जरा ‘बॅलन्स’ करायचं. काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात माझं मराठी सगळ्यात घरगुती होतं.

मी एक बाई तयार केली. पस्तिशीची, दोन मुलांची आई, प्रोफाइलला मोगऱ्याच्या गजऱ्याचा फोटो. तिचं नाव इथे लिहीत नाही, त्या नावाच्या खऱ्या बायका पुण्यात शेकड्यांनी असतील. तिने ग्रुपमध्ये लिहिलं: मी चार महिन्यांपासून ए विंगमध्ये राहते. पाणी व्यवस्थित येतं, लिफ्ट चालू आहे. आम्हालाही ताबा उशिरा मिळाला, खूप मनस्ताप झाला. पण मिळाला.

पाणी खरंच येत होतं. लिफ्ट खरंच चालू होती. ताबा उशिरा का होईना, मिळालाच होता. मी साइटवर जाऊन बघून आले होते. पोस्टला भराभर लाइक पडले. क्लायंट खूश झाला.

दोन दिवसांनी त्या बाईच्या इनबॉक्समध्ये एक निरोप आला. बी विंगमध्ये फ्लॅट घेतलेल्या एका मुलीचा. तिने लिहिलं होतं, ताई, तुमचं वाचून बरं वाटलं. माझ्या बाबांनी पीएफचे सगळे पैसे या फ्लॅटमध्ये घातलेत, त्यांना रात्री झोप लागत नाही. रविवारी त्यांना तुमचं घर दाखवायला आणू का? फक्त पाच मिनिटं. चहापाणी काही नको.

मी तो निरोप वरिष्ठांना दाखवला. ते म्हणाले, “सांग गावाला गेलेय म्हणून.” मी लिहिलं, अगं, मी सध्या माहेरी आहे. आले की नक्की ये.

तीन आठवड्यांनी तिने विचारलं, “आलात का ताई?”

मी उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात ते खातं बंद केलं.

*

मला त्या वेळी एक युक्तिवाद फार आधार द्यायचा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. तो असा: मजकूर खरा असेल, तर तो कुणाच्या तोंडून आला याने काय फरक पडतो? दोन आणि दोन चार हे शिक्षकाने सांगितलं काय आणि चोराने सांगितलं काय. पाणी येतंय, तर येतंय.

हा युक्तिवाद कुठे मोडतो हे कळायला मला माझ्या पहिल्या नोकरीकडे मागे जावं लागलं.

२००८ मध्ये मी या धंद्यात आले तेव्हा प्रेसनोट हीच आमची भाकरी होती. श्रीलिपीत टाइप करायची, लेटरहेडवर प्रिंट काढायची आणि पाकिटावर ‘कृपया प्रसिद्धीसाठी’ लिहून वर्तमानपत्रांच्या ऑफिसांत पोचवायची. त्यातल्या निम्म्या थेट केराच्या टोपलीत जात. उरलेल्यांतली सगळी विशेषणं उपसंपादक खोडायचा. कधी फोन यायचा, “मॅडम, हे ‘राज्यात प्रथमच’ कशावरून?” उत्तर नसेल तर ते वाक्य उडायचं. आम्ही त्याला शिव्या घालायचो. पण तो काय करत होता? ज्यांना आम्हाला फोन करता येत नाही, अशा हजारो वाचकांच्या वतीने तो संशय घेत होता. संशय घ्यायचा पगार त्याला मिळत होता.

आणि लेटरहेड होतं. पूर्वी गावात दवंडी पिटली जायची तेव्हा दवंडीवाला पाटलाचा निरोप सांगतोय, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. प्रेसनोट ही आमची दवंडी होती. कंपनी स्वतःबद्दल बरंच बोलणार, हे वाचणाऱ्याने गृहीत धरलेलं असायचं. तेवढी वजावट करूनच तो वाचायचा.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. मधला उपसंपादक गेला. कंपनी थेट लोकांशी बोलू शकते, म्हणून आम्हाला आनंद झाला. पण लोकांना कंपनीचं ऐकायचंच नव्हतं. त्यांना ऐकायचं होतं त्यांच्यासारख्याच कुणाचं तरी. ज्याने तो मिक्सर वापरलाय, त्या हॉस्पिटलात आईला ठेवलंय, त्या इमारतीत जो राहतोय. विश्वास पेपरच्या नावावरून उठून ‘आपल्यासारख्या माणसावर’ जाऊन बसला. मग आमच्या धंद्याने ‘आपल्यासारखी माणसं’ बनवायला घेतली.

*

हा मोह सोशल मीडियाने जन्माला घातला नाही. तो पीआरच्या पाळण्यातच होता.

१९०६ मध्ये अमेरिकेत कोळसा खाणींच्या संपात आयव्ही ली या माणसाने खाणमालकांच्या वतीने वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. त्याचा आशय असा, की आमचं काम उघड्यावर चालतं, आम्ही कुणाच्या वतीने बोलतो ते सांगतो, आणि हे जाहिरातीसारखं वाटलं तर छापू नका. आमच्या व्यवसायाची पहिली आचारसंहिता म्हणून तो शिकवला जातो.

दुसरं उदाहरण १९२९ चं. न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या दिवशी काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. स्त्रियांनी बंधनं झुगारली म्हणून बातम्या झाल्या. हे घडवून आणलं होतं एडवर्ड बर्नेज यांनी, सिगरेट कंपनीच्या पैशाने. बातमीतल्या मुली खऱ्या होत्या, सिगारेटी खऱ्या होत्या. बोलवता धनी तेवढा पडद्याआड होता.

ली काही संत नव्हता. १९१४ मध्ये कोलोरॅडोत लडलो इथे संपकऱ्यांच्या वस्तीवर गोळीबार झाला, तंबू जाळले गेले, बायका-मुलं मेली. त्यानंतर रॉकफेलर कुटुंबासाठी काम करताना लीने काढलेल्या पत्रकांतली काही माहिती चुकीची निघाली. पण पुढे चौकशी आयोगाने त्याला समोर बसवलं आणि विचारलं, की ही माहिती खरी आहे का, हे तू स्वतः तपासलंस का? तपासलं नव्हतं, हे त्याला कबूल करावं लागलं.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की त्याला बोलावता आलं. खोटं त्यानेही पसरवलं, पण त्या खोट्याला पत्ता होता.

मराठी वाचकाला हे नवं नाही. केसरीतल्या अग्रलेखांखाली लेखकाचं नाव नसे. तरी १९०८ मध्ये खटला भरताना सरकारला माणूस शोधत फिरावं लागलं नाही. टिळक समोर उभे होते आणि सहा वर्षांची शिक्षा त्यांनी भोगली. आजही कुठल्याही दैनिकाच्या तळाशी एक बारीक ओळ असते: अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले. ती कुणी वाचत नाही. १८६७ च्या कायद्यापासून ती चालत आली. इंग्रजांनी ती छापखान्यांवर नजर ठेवायला आणली असेल, पण वाचकालाही तिचा उपयोग झाला. या शब्दांचा जाब कुणाला विचारायचा, ते तिच्यामुळे कळतं. ज्या बातमीला अशी ओळच नसते तिला आपल्याकडे ‘कंडी’ म्हणतात. आणि कंडी पिकवतात, छापत नाहीत.

*

आता पुन्हा माझ्या ताईंकडे.

‘ए विंगमध्ये पाणी येतं’ हे माहितीचं वाक्य आहे. ते कुणीही सांगितलं तरी तपासता येतं. पण ‘मी ए विंगमध्ये राहते’ ही साक्ष आहे. साक्षीत ‘मी’ हा शब्द नुसता कर्ता नसतो, तो शब्द दिलेला असतो. मी तिथे होते, मी भोगलंय, मला विचारा. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेतात ती याचसाठी. ‘रविवारी तुमचं घर बघायला येऊ का’ ही त्या मुलीने इतक्या अदबीने घेतलेली उलटतपासणी होती, की ती उलटतपासणी आहे हे तिलाही कळलं नसेल. आणि साक्षीदार पळून गेला.

म्हणजे खोटं माहितीत नव्हतं. ते ‘मी’मध्ये होतं. पाण्याबद्दल तिची दिशाभूल झाली नाही. आपल्यासारखंच सोसलेली एक बाई आपल्या बाजूला आहे, याबद्दल झाली. आणि तिला पाण्यापेक्षा तीच गोष्ट हवी होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. निनावी बोलणं नेहमीच वाईट असतं का? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी टूच्या लाटेत कित्येक मुलींनी नाव न देता लिहिलं. नाव दिलं असतं तर नोकरी गेली असती. मराठीत तर टोपणनावांची केवढी परंपरा. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवायचे, त्यांना कुणी खोटारडं म्हटलं नाही.

फरक मला असा दिसतो. टोपण म्हणजे झाकण, आणि त्या झाकणाखाली भांडं असतं. निनावी लिहिणारी मुलगी नाव लपवते, पण अनुभव तिचा असतो. ती बलवानापासून स्वतःला वाचवत असते. आम्ही अनुभव बनवला, आणि लपवला तो पैसे देणारा. आमच्या झाकणाखाली भांडंच नव्हतं.

आता नियम आलेत. २०२१ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरना सांगितलं, की पोस्टचे पैसे घेतले असतील तर तसं ठळक लिहा. २०२३ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार खात्यानेही तेच सांगितलं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका म्हणून बजावलं. चांगलंच आहे. पण हे नियम मुख्यतः खऱ्या माणसाने घेतलेल्या पैशांसाठी आहेत. नसलेल्या माणसाच्या पोस्टवर ‘जाहिरात’ असं लिहिणार कोण? आणि मला एक ताई उभी करायला दुपार लागली होती. आता मशीन तितक्या वेळात हजार उभ्या करेल, माहेरासकट.

*

मी हा धंदा सोडला नाही. कंपनीलाही बोलायचा हक्क आहे, आणि तिला नीट बोलता येत नसेल तर कुणीतरी लिहून द्यावं, यात मला गैर वाटत नाही. वकील पक्षकारासाठी बोलतोच की. मी एकच गोष्ट सोडली. जो नाही त्याच्या तोंडून लिहीत नाही. याची किंमत फार मोठी नव्हती: दोन क्लायंट गेले, एक बढती हुकली. तिसऱ्याच दिवशी तेच काम दुसऱ्या एजन्सीने केलं, हेही खरं. मी नाही म्हणाल्याने जगातल्या ताया कमी झाल्या नाहीत.

मला सलतं ते वेगळंच. खोटं बोललेल्या माणसाला निदान माफी मागता येते. मी त्या मुलीची माफी मागायला गेले असते तर कोण म्हणून गेले असते? तिला फसवणारी बाई अस्तित्वात नव्हती, आणि मला ती ओळखत नव्हती. खातं बंद केलं तेव्हा तिचा निरोप गेला, तिचं नावही गेलं. खोट्या नावाचा हा शेवटचा तोटा कुणी सांगत नाही: त्या नावाने केलेलं काही परत घेता येत नाही.

म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे देते. ए विंगमध्ये कुणी ताई नव्हत्या. तू ज्यांच्याशी बोललीस त्या बाणेरच्या एका ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, एसीखाली बसल्या होत्या. माहेरी वगैरे गेल्या नव्हत्या. तुझे दोन्ही निरोप त्यांनी वाचले होते. त्या मी होते.